जीव टोपात पडला

अल नहदा नावाच्या दोन वस्त्या आहेत आणि त्या एकमेकींना चिकटून आहेत. एक शारजात, एक दुबईत, मध्ये फक्त रस्ता. ज्यांनी कुणी ही नावं ठेवली त्यांना कधी टॅक्सीवाल्याला पत्ता सांगावा लागला नसणार. "कौनसा नहदा?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की हल्ली गाडीत बसायच्या आधीच उत्तर देते. पार्सलवाला हमखास चुकीच्या नहदात जातो, तिथून फोन करतो आणि चूक आपलीच असल्यासारखा आपल्यावर वैतागतो.

मुलगा बालवाडीत होता तेव्हापासून आम्ही शारजातल्या नहदात राहत होतो. गेल्या वर्षी नवरा रोजच्या ट्रॅफिकला विटला आणि आम्ही रस्ता ओलांडून दुबईतल्या नहदात आलो. जुन्या बिल्डिंगची गच्ची आमच्या नव्या बाल्कनीतून दिसते. पण शारजात राहणाऱ्यांच्या लेखी दुबईला गेलेलं माणूस म्हणजे अमेरिकेला गेल्यासारखंच. निरोप समारंभ झाला, डोळ्यांतून पाणी काढून झालं, आणि आमचा पिकअप यू-टर्न घेऊन समोर येऊन थांबला.

त्या निरोपात सगळ्यात जास्त रडली ती माझी मैत्रीण. ती समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. मूळची श्रीवर्धनची, नवऱ्याचा गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचा धंदा, तीन मुली. मी पहिल्याच आठवड्यात फोडणी करताना छतावरचा धुराचा अलार्म वाजवला होता आणि घाबरून वॉचमनला फोन लावत होते, तेव्हा ही टॉवेल घेऊन आत शिरली, खुर्चीवर चढली आणि अलार्मला वारा घालायला लागली. "मोहरीला घाबरतो तो," म्हणाली, "खिडकी उघडून टाकत जा." ओळखपाळख नंतर झाली. परदेशात नातेवाईक नसतात, त्यामुळे जे समोरच्या दारात राहतं तेच सगळं होऊन बसतं. मुलाला ताप आला की मी आधी तिच्याकडे जायचे, मग डॉक्टरकडे. माझी आई गेली तेव्हा विमानाचं तिकीट मिळेपर्यंत ती माझ्याशेजारी एक शब्द न बोलता बसून राहिली होती. माणूस गप्प बसायला किती जवळचं असावं लागतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आमच्या मजल्यावर तिसरं मराठी घर होतं ते अलिबागच्या काकूंचं. काका रिटायर झाले आणि दोघं कायमचे गावी निघाले. इथे कायमचं जायचं म्हणजे घर वाटून टाकायचं. कुणाला गालिचा, कुणाला मिक्सर, कुणाला तुळशीची कुंडी. आम्ही दोघी त्यांचं सामान बांधायला गेलो होतो. शेवटी ओट्याखालून एक कल्हईचा तांब्याचा टोप निघाला, एवढा मोठा की त्यात लहान मूल बसवून अंघोळ घालता येईल. काकूंनी तो पदराने पुसला, आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हा काही मी परत नेत नाही. हा आता तुमचा."

माझ्या स्वयंपाकघरात माळा मोठा होता, म्हणून टोप माझ्याकडे आला. रमजानात तिचा खिचडा त्यात शिजायचा, गणपतीत आमच्याकडे जेवायला येणाऱ्यांचा मसालेभात. देवाच्या नैवेद्याचं पातेलं वेगळं होतं, टोप माणसांसाठी होता. वर्षानुवर्षं तो असा दोन दारांमधून ये-जा करत होता आणि तो कुणाचा, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. पडायचं कारण काय? दोन्ही दारं उघडीच असायची.

मग आम्ही घर बदललं. इतर सामानाबरोबर टोपही खोक्यात बसून इकडे आला. मी तो मुद्दाम आणला नव्हता, आणि तिकडे तिच्याकडे ठेवून यावा असंही सुचलं नव्हतं. माळ्यावरचं सगळं खाली आलं, त्यात तोही आला. रमजान तोंडावर होता. एका दुपारी, मी खोक्यांच्या ढिगाऱ्यात उभी असताना, तिचा फोन आला.

"टोप तुझ्याकडे आहे ना? मला लागणार आहे."

"आहे. पण आत्ता कुठल्या खोक्यात आहे देव जाणे. पाठव कुणाला तरी दोन दिवसांनी."

"माझाच टोप, आणि मीच माणूस पाठवायचा?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो. "तुझा? काकूंनी मला दिला तो."

"तुला? मला दिला. तुझ्याकडे माळा होता म्हणून ठेवायला दिला."

खरं सांगायचं तर आम्ही दोघीही मनापासून चकित झालो होतो. इतकी वर्षं मी समजत होते की मी तिला टोप वापरायला देते, आणि ती समजत होती की ती मला देते. दोघी आपापल्या जागी उदार होतो. हे तेव्हा लक्षात आलं असतं तर हसून मोकळ्या झालो असतो. पण ती म्हणाली, "दुबईला गेलीस, आता तू मोठी झालीस." आणि मी फोन ठेवून दिला.

नंतर काही दिवस तिचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत. मनात म्हणायचे, उद्या उचलीन, आज डोकं ठिकाणावर नाही. मग फोन यायचे थांबले. तेव्हा मला जास्तच राग आला, कारण उद्या मी खरंच उचलणार होते.

त्यानंतर आला तो एसएमएस. अरबी आणि इंग्रजी, सोबत एक लिंक. मी तो फसवणुकीचा समजून खोडून टाकणार होते, पण नवऱ्याने फोन हातातून घेतला. शारजाच्या कोर्टाची नोटीस होती. इथे हल्ली वकील न लावता, घरबसल्या मोबाईलवरून दावा दाखल करता येतो. कागद तेवढे अरबीत लागतात, ते टायपिंग सेंटरवाले करून देतात. सोय फार चांगली आहे, पण रागावलेल्या माणसाच्या हातात ती पडू नये.

नवऱ्याने दाव्याचा मजकूर फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये घातला. वाचता वाचता तो थांबला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागला.

"तू कुणाचं शिरस्त्राण बळकावलंस?"

"काय?"

"इथे लिहिलंय. प्रतिवादीने वादीचे तांब्याचे शिरस्त्राण बळकावले आहे व ते परत करण्यास नकार देत आहे."

आम्हाला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. टायपिंग सेंटरमध्ये ती हिंदीत बोलली असणार. "मेरा तांबे का टोप लेके गई." आता हिंदीत टोप म्हणजे मोठी टोपी, लढाईत डोक्यावर घालतात ती. भांडं नव्हे. तिथल्या माणसाने इमानेइतबारे तांब्याचं शिरस्त्राण अरबीत उतरवलं, आणि "लेके गई"चं "बळकावले" केलं. नवरा पुण्याचा. तो म्हणाला, "म्हणून मी म्हणतो, पातेलं म्हणावं." एरवी मी यावर दोन शब्द सुनावले असते. पण मी ते "बळकावले" पुन्हा पुन्हा वाचत होते. मुलगा त्याच्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, "आई, इट्स जस्ट अ पॉट."

त्या संध्याकाळी मी टोप काढला, चिंचेने घासला आणि गाडीत नेऊन ठेवायला निघाले. नवऱ्याने दारात अडवलं. त्याचा मावसभाऊ पुण्यात वकील आहे. त्याला फोन लावलेलाच होता. मावसभावाने स्पीकरवरून बजावलं, "वहिनी, आता काही देऊ नका, काही बोलू नका. आत्ता दिलंत तर ती कबुली ठरेल. 'बळकावले' म्हटलंय त्यांनी. जे सांगायचं ते कोर्टात सांगा." इथल्या कायद्यातलं त्याला काडीचंही माहीत नव्हतं, पण वकिलाचा आवाज असा असतो की ऐकणारा मान डोलावतो. टोप परत वर गेला. फोन करायची तेवढी एक वाट होती, तीही बंद झाली.

मला टोपाची काळजी नव्हती. तो गेला असता तरी मी रडले नसते. मला भीती होती ती वेगळी. कोर्ट मला विचारणार, ही बाई म्हणते ते खरं की खोटं? आणि मला, माझ्या तोंडाने, ती ऐकत असताना, "खोटं" म्हणावं लागणार. एकदा असं बोलून झालं की मग कुणाच्या खुर्चीवर कोण चढणार आणि कुणाशेजारी कोण गप्प बसणार? निकाल कुणाच्याही बाजूने लागो, मैत्रीण जाणार होती. मला झोप लागेना. नवरा म्हणायचा, चूक तिने केली. मला त्याचाही राग यायचा, कारण तिला नावं ठेवायचा हक्क फक्त माझा होता.

उत्तर अरबीत द्यायचं होतं, म्हणून मीही टायपिंग सेंटरमध्ये गेले. काउंटरमागे केरळची एक मुलगी होती, कानाला फोन आणि बोटं कीबोर्डवर. मी हिंदीत सांगत गेले, ती टाइप करत गेली. पहिली गोष्ट मी सांगितली ती ही की टोप म्हणजे टोपी नाही, स्वयंपाकाचं भांडं. मग सांगितलं, "जाते टाइम आंटी बोली, ये अब आपका."

तिची बोटं थांबली. "आपका मतलब? एक को बोला, दो को बोला?"

"मतलब?"

"मॅडम, अरबी में अलग लिखते हैं. एक लेडी को बोला तो अलग, दो लेडी को बोला तो अलग. क्या लिखूँ?"

मी "मुझे" म्हणायला तोंड उघडलं आणि काकूंचं वाक्य आठवायला लागले. काकू नेमकं काय म्हणाल्या होत्या? "हा आता तुमचा." तुमचा. काकूंनी मला आयुष्यात कधी अहोजाहो केलं नव्हतं. आम्ही दोघी त्यांच्या लेकींच्या वयाच्या. "अगं, मीठ दे," "तू भाजी निवड," असं त्यांचं बोलणं. माझ्या एकटीसाठी टोप असता तर त्या "हा आता तुझा" म्हणाल्या असत्या. तिच्या एकटीसाठी असता तरी तुझाच. त्यांच्या तोंडी "तुमचा" आला, कारण समोर दोघी उभ्या होत्या. मराठी माझी मातृभाषा आहे. पण "तुमचा"मधला हा एवढा साधा अर्थ माझ्या डोक्यात कधी शिरला नव्हता, तिच्याही नाही. दोघींनाही तो मान आपल्या एकटीला मिळाला असं वाटलं होतं.

"मॅडम, पीछे लोग खड़े हैं. यल्ला."

"दो को," मी म्हटलं. "दोनों को बोला."

तिने टाइप केलं आणि कागद छापून माझ्या हातात दिला. माझ्याच उत्तराने माझी निम्मी केस बुडाली होती. बाहेर पडले तेव्हा पाय हलके झाले होते. मावसभावाला कळल्यावर तो हताश झाला. मुलाने विचारलं, "सो दे विल कट इट?" मी त्याला सांगितलं की कापणार नाहीत, पण खात्री मलाही नव्हती. आणि तिला हे कसं कळवायचं, हा प्रश्न होताच. मी दिलेलं उत्तर तिच्याकडे कोर्टामार्फत जाणार, आणि त्या अरबीचं तिच्या फोनवर काय होऊन बसेल, याचा नेम नव्हता. शिरस्त्राणानंतर माझा भाषांतरावरचा विश्वास उडाला होता.

सुनावणी व्हिडिओवर होती. मी कोर्ट म्हणून इस्त्रीची साडी नेसले. नवऱ्याचा दाव्याशी काही संबंध नव्हता, पण तोही शर्ट घालून, केस विंचरून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा जागी बसला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी माझं सरकारी ओळखपत्र आणि घराचा करारनामा. पडद्यावर बराच वेळ नुसतं एक गोल चक्र फिरत होतं. मग चौकटी उघडल्या. एकीत न्यायाधीश, अंगात पायघोळ पांढरी कंदुरा, डोक्यावर पांढरा रुमाल, समोर फायली. एकीत दुभाषी. तिसरीत ती.

मी तिला किती महिन्यांनी पाहत होते. काळा स्कार्फ, चष्मा कपाळावर सरकवलेला, म्हणजे नेहमीप्रमाणे तो कुठे ठेवला ते विसरलेली असणार. वाळल्यासारखी दिसत होती. रोजे झाले होते, त्यामुळे असेल असं मी मनाला सांगितलं. तीही पडद्याकडे बघत होती, पण माझ्याकडे बघत होती की न्यायाधीशांकडे ते कळायला मार्ग नव्हता. व्हिडिओत हा एक घोटाळाच असतो.

दुभाष्याची हिंदी उर्दूकडे झुकणारी होती. त्याने आमची नावं विचारली आणि मग घसा साफ करून म्हणाला, "अदालत मुद्दई से पूछ रही है, ये जो तांबे का हेलमेट है, ये पुराने ज़माने का है? अगर ये कोई तारीख़ी चीज़ है, तो उसका महकमा अलग है."

मुद्दई म्हणजे दावा लावणारी, तारीख़ी म्हणजे ऐतिहासिक. ती गोंधळली. "हेलमेट? कौनसा हेलमेट?"

"जो आपके दावे में लिखा है. टोप."

"नहीं साहब, वो तो खाना पकाने का है. उसमें मैं खिचडा पकाती हूँ."

दुभाष्याने मान वर केली. "हेलमेट में?"

मी ओठ दाबून धरले. मग पडद्यावर बघितलं तर तिने स्कार्फचं टोक तोंडात धरलेलं. ती हसू आवरताना नेहमी तेच करते. त्या टोकाकडे बघून माझा बांध फुटला, आणि माझं बघून तिचा. न्यायाधीश शांतपणे आमच्याकडे बघत होते. दुभाष्याने माझं उत्तर चाळून त्यांना अरबीत काहीतरी समजावलं. त्यांच्या मिशीत किंचित हालचाल झाली, असं मला वाटलं. पुढे मात्र त्यांनी गंभीरपणे माझा पत्ता विचारला.

"अल नहदा," मी म्हटलं.

"दावे में भी सिर्फ़ अल नहदा लिखा है. कौनसा अल नहदा?"

आयुष्यभर ऐकलेला प्रश्न, पण कोर्टात ऐकायची ही पहिलीच वेळ. "दुबई," मी म्हटलं आणि करारनामा कॅमेऱ्यासमोर धरला.

न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं. दोघांचं अरबीत बोलणं झालं. त्यात काहीतरी बिघडलंय एवढंच मला कळत होतं. नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मग दुभाष्याने समजावून सांगितलं. शारजाचं कोर्ट फेडरल आहे, दुबईची कोर्टं दुबईची स्वतःची, वेगळी. दावा जिच्यावर आहे ती जिथे राहते तिथल्या कोर्टात तो जायला हवा. ही बाई रस्त्यापलीकडे राहते, तेव्हा ती या कोर्टाच्या इख्तियारात येत नाही. इख्तियार म्हणजे आपलं अखत्यार, ते मला बरोबर कळलं. "अदालत पूछ रही है, आपको इस पर एतराज़ उठाना है कि आपका मुक़दमा यहाँ न चले?"

"हरकत घेतली तर काय होईल?" मी विचारलं. गडबडीत मराठीतच. मग हिंदीत विचारलं.

"तो ये अदालत कुछ नहीं सुनेगी. हेलमेट किसका है, कौन सच्चा, कौन झूठा, कुछ नहीं पूछेगी. दावा यहीं ख़त्म. उनको करना हो तो दुबई में नए सिरे से करें."

कुछ नहीं पूछेगी. मी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून बघितलं. मला तिच्यासमोर "खोटं" म्हणायचं नव्हतं, आणि एक अख्खं कोर्ट मला सांगत होतं की तू तसं म्हणालीस तरी आम्ही ऐकणार नाही, आम्हाला तो अधिकारच नाही. मोठ्या माणसांच्या भांडणात पडायला नाही म्हणणारं असं शहाणं माणूस प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक हवं. मी इतक्या आनंदाने आयुष्यात कशाला हरकत घेतली नव्हती.

"है," मी म्हटलं. "मुझे एतराज़ है. पूरा एतराज़ है."

न्यायाधीशांनी काहीतरी सांगितलं आणि लिहायला लागले. जीव भांड्यात पडला म्हणतात. माझा टोपात पडला. तेवढ्यात पलीकडच्या चौकटीतून स्पष्ट मराठी ऐकू आलं, "या अल्ला, सुटलो गं बाई."

ती माइक बंद करायला विसरली होती. दुभाषी दचकला. "मुद्दई क्या कह रही हैं? उनको फ़ैसले पर कुछ कहना है?"

ती घाबरून माइकचं बटण शोधायला लागली. मराठी कळणारी त्या पडद्यावर मीच एकटी होते. "वो बोल रही है, मंज़ूर है," मी सांगितलं. दुभाष्याने ते अरबी केलं, न्यायाधीशांनी मान हलवली आणि तेही लिहिलं गेलं असावं. मग चौकटी एकेक करून बंद झाल्या. सगळ्यात शेवटी तिची, कारण तिला बाहेर पडायचं बटण सापडत नव्हतं. मी ती जाईपर्यंत बघत राहिले.

नवरा म्हणाला, "आता ती दुबईत दावा टाकेल." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. कोर्टाने टोप तिचाही ठरवला नव्हता आणि माझाही. रस्ता ओलांडून ती नव्याने दावा लावू शकत होती, या खेपेला शिरस्त्राण दुरुस्त करून. पण मला एक गोष्ट कळत होती की आता केस नाही, म्हणजे मावसभावाची बंदीही नाही. मी फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा एंगेज लागल्यावर माझं मन खट्टू झालं. लगेच कुणाला तरी फोन करून पुढची तयारी करायला बसली वाटतं, असं मनात आलं. फोन टेबलावर ठेवला आणि तो वाजला.

"कुणाशी बोलत बसली आहेस?" ती म्हणाली. "केव्हाची लावतेय."

"तुलाच लावत होते."

मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. टायपिंग सेंटर, ती मुलगी, एक को की दो को, आणि काकू आपल्याला तू म्हणायच्या, म्हणून तुमचा म्हणजे दोघींचा. ती ऐकत होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज येत होता.

"मला नाही विचारलं तसलं काही माझ्या टायपिंगवाल्या माणसाने," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या मनाला येईल ते लिहिलं. मी म्हटलं लेके गई, एवढंच. तू वाचलंस ना ते दुसरं? बळकावले की काय ते? माझ्या मुलीने मला वाचून दाखवलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. पण एकदा पाठवलं ते पाठवलं, मागे कसं घ्यायचं ते कळेना."

"मग टाकलंस कशाला? एका टोपासाठी कुणी कोर्टात जातं का? की आता दुबईत टाकणार आहेस?"

"टोप खड्ड्यात गेला," ती म्हणाली. "तू फोन उचलत नव्हतीस. मी तुझ्याकडे आलेही होते. तुझ्या त्या नहदात. तीन टॉवर सारखे दिसतात, वॉचमन विचारतो, फ्लॅट नंबर काय? मला माहीतच नव्हता. इतकी वर्षं समोर राहिलीस, नंबर कधी लागलाच नाही. आणि गेल्यावर तू सांगितला नाहीस. बाकड्यावर बसून राहिले थोडा वेळ, मग उठून घरी आले. ऊन होतं. मग माझ्या भाच्याने ते अ‍ॅप दाखवलं. म्हटलं, माझ्या बोलावण्याने येत नाही, कोर्टाने बोलावलं तर यावंच लागेल तिला. त्यात तुझा पत्ता विचारला होता. मला काय माहीत? मी नुसतं अल नहदा लिहिलं."

दावा चुकीच्या कोर्टात गेला तो त्या अर्धवट पत्त्यामुळे, आणि तो पत्ता अर्धवट होता तो माझ्यामुळे. नवरा खुणेने विचारत होता, काय झालं? मी त्याच्याकडे पाठ केली.

"आहेस ना?" ती म्हणाली.

"आहे. कागद घे."

"घेतला."

मी तिला टॉवरचं नाव सांगितलं, मजला सांगितला, फ्लॅट नंबर सांगितला. लिफ्टमधून बाहेर आल्यावर डावीकडे वळ म्हटलं. मग म्हटलं, "दुबई लिही." ती म्हणाली, लिहिलं.